न्हाणीकडचा पाय

हे सुमनलाही माहीत नाही. लग्नाला तीस वर्षं होत आली, माझ्या घोरण्यापासून फराळाच्या डब्यातून पळवलेल्या लाडवांपर्यंत माझं सगळं बायकोला ठाऊक आहे — एवढं सोडून.

गंमत अशी की यातला अर्धा भाग मी शंभरदा तरी सांगितलाय. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे. लग्नकार्यात जेवणं उरकली की भाचे-पुतणे सतरंजीवर पसरतात आणि कुणीतरी म्हणतंच, काका, ते झोळ्याचं सांगा. मग मी सांगतो. मेहुण्यानं नांदेडच्या कुठल्याशा प्रदर्शनातून घडीचा स्टँड आणला होता, झोळा टांगायचा. छत्रीसारखा उघडायचा, छत्रीसारखा मिटायचा. आक्काला दाखवायला म्हणून आधी मीच त्यात आडवा झालो. मी — कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा, फळ्यावर गुरुत्वमध्याची चित्रं काढणारा माणूस — कुशीवर वळलो मात्र, तो मला घेऊन अळवाच्या वाफ्यात मिटला. इथं सगळे हसतात. आक्का असताना तीही हसायची, पदर तोंडाला लावून. आणि मी गोष्ट तिथंच संपवतो. पुढचं कुणी विचारत नाही. हसलेला माणूस पुढचं कशाला विचारेल?

आज पुढचं सांगतो. पण सरळ सांगता येईल असं वाटत नाही. थोडा फिरून येईन.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझं शेंबडं नाक पुसायला हीच. निलंग्याच्या बाजूला दिली होती. भूकंप झाला त्या पहाटे ती म्हशीला पेंड ठेवायला गोठ्याकडे गेली होती म्हणून वाचली. भाऊजी घरात होते. दगडामातीची भिंत — दोन हात रुंद, उन्हाळ्यात गार, सगळ्यांना अभिमान वाटायचा तिचा. तिचं काय झालं ते लातूरच्या माणसाला सांगायला नको.

महिन्याभरानं आक्काला मी लातूरला आमच्या घरी आणली. ती छपराखाली झोपेना. स्वयंपाक करायची, दळण निवडायची, पण पाठ टेकायची वेळ आली की परसात. परसात बाज टाकून दिली, तर रस्त्यावरून ट्रक गेला की बाजेचे पाय थरथरायचे आणि ही उठून उभी. दिवसा डोळे लाल, हातातून वाट्या पडायच्या. शेवटी तिनंच उपाय काढला. परसातल्या एकुलत्या कडुलिंबाच्या फांदीला धोतर बांधून त्यात दुपारभर गाढ झोपली. उठल्यावर म्हणाली, "झोळा आपलाच हलत असतो बग दिगू. खालून धरणी हलली तरी कळायचं न्हाई."

धोतर किती दिवस टिकणार? नवारीच्या पट्ट्यांचा चांगला झोळा विणून आणला. आता त्याला दोन टोकं लागतात. एक लिंबाला बांधलं, दुसरं बांधायला भिंतीत कडी ठोकायला घेतली, तर आक्कानं माझा हातच धरला. भिंतीला नको. काहीही कर, भिंतीला नको. म्हणून स्टँड. म्हणून तो नांदेडचा घडीचा, आणि अळवाचा वाफा. आणि मग हमीदभाई.

हमीदभाईंचं वेल्डिंगचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. बारीक माणूस, कायम एक डोळा मिचकावून बघायचे, ठिणग्यांची सवय. घडीचा स्टँड बघून ते हसले नाहीत, हे मला तेव्हाच आवडलं. परसात आले, आक्काला बसायला लावलं, तिच्या वजनाचा अंदाज घेतला, मग माझ्याकडं बघून म्हणाले, लेकरं पण चढतील, सरही चढतील, हिसाब त्याचा धरू. दोन कैच्या, कैचीला वर जुळलेले दोन पाय, वरून एक आडवा पाइप. पाइप जाड, नळाचा नाही. पाय बाहेरच्या बाजूला चांगले फाकवलेले, कारण झुलणाऱ्या माणसाचं वजन नुसतं खाली नाही, बाजूलाही ओढतं. हे मी वर्गात दोन तास घेऊन शिकवायचो; त्यांनी बोटं फाकवून दाखवलं. कैच्यांमधलं अंतर असं, की झोळा ताठही नको आणि ढुंगण जमिनीला टेकेल इतका ढिलाही नको. पाइपांची तोंडं टोपण लावून बंद, पाणी आत जाऊ नये म्हणून. सगळ्यावर आधी लाल प्रायमर, मग हिरवा रंग. आणि प्रत्येक पायाखाली लोखंडी पत्रा, पत्र्याखाली शहाबादी फरशी.

मी शहाणपणानं विचारलं, पाय सिमेंटात पक्के का नाही करायचे? ते म्हणाले, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, गाडलेल्या पायाला मुरगाळते. आणि सिमेंट न् लोखंडाच्या मधे पाणी शिरलं की ते वाळतच नाही. पायाला हवा पाहिजे.

जाताना त्यांनी एक काम लावून दिलं. वर्षातून एकदा पाना घेऊन चारी पाय खालपासून वरपर्यंत ठोकून बघायचे. "खण् वाजलं तर बेफिकीर झोपा, आक्का. कुठं बद् वाजलं तर त्याच दिवशी मला बोलवा. दुसऱ्या दिवशी न्हाई."

आक्कानं त्या कामाला खंडेनवमीचा दिवस लावून टाकला. त्या दिवशी घरातली विळी, कोयता, खलबत्ता, माझी स्कूटर, सगळं लोखंड धुऊन पुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. त्या रांगेत आमच्याकडं झोळ्याचा स्टँडही आला. मी पाना घेऊन चारी पाय वाजवायचे, नटबोल्ट आवळायचे, कड्यांना तेल द्यायचं. आक्का नवार उन्हात टाकून तिचे दोरे तपासायची. मग पूजा. लोक हसायचे, हसू देत. आक्का झोपायची. बारा वर्षं ती त्या झोळ्यात झोपली, पावसाळ्यात वर ताडपत्री ताणून, थंडीत दोन वाकळा घेऊन. सकाळी चहा घेऊन मी परसात गेलो की झोळ्यातून फक्त तिचा एक पाय बाहेर लोंबत असायचा. तो पाय बघितला की मला बरं वाटायचं. हे खरं आहे. हेही खरं आहे, म्हणून सांगतो.

मग गावाला शिकवण्यांचं वेड लागलं. चाकूर, रेणापूर, भोकर, कुठून कुठून पोरं-पोरी वह्यांच्या पिशव्या घेऊन उतरायला लागली. क्लास उघडले, मेस उघडल्या, ज्याच्या घरात जास्तीची खोली त्याच्या दारात आईबाप उभे. मीही कॉलेज सोडून एका क्लासात शिकवायला लागलो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढल्या, त्यात पाच मुली ठेवल्या. त्यांच्यासाठी परसाच्या कोपऱ्यात न्हाणी बांधली. पाच मुलींचं कपडे धुणं म्हणजे काय असतं ते मला माहीत नव्हतं. साबणाचं पाणी दिवसभर न्हाणीतून वाहायचं ते थेट स्टँडच्या एका पायाशी. त्या पायाखालची फरशी एका बाजूनं खचली. स्टँड डुगडुगायला लागला.

हमीदभाईंचं दुकान घरापासून शंभर पावलांवर. मी गेलो का? नाही. न्हाणीचं उरलेलं सिमेंट पडलं होतं. दोन घमेली कालवून मी फरशीवर, पत्र्यावर, पायाभोवती वीतभर ओतलं. थापीनं गुळगुळीत केलं. डुगडुग बंद. आक्का कौतुकानं म्हणाली, माझ्या भावाच्या हातात कसब आलं. इथपर्यंत मूर्खपणा. मूर्खपणाला मी कबुली म्हणत नाही, तसं असतं तर रोज एक द्यावी लागली असती.

पुढं तीन वर्षं गेली. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी मेहुणा नांदेडहून आला. हौशी माणूस, स्वभावानं गोड, जिभेला मात्र काटा. परसात उभा राहून पावलं टाकत मोजत होता. म्हणाला, "दाजी, लोकांच्या परसात खोल्या उगवून राहिल्या. तुमच्या परसात अजून झोळाच लोंबून राहिला." कागदावर त्यानं चार खोल्या काढूनही दिल्या. त्या कागदावर लिंब होता, न्हाणी होती, झोळा नव्हता. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मुलीला ठेवायला आलेले एक गृहस्थ त्याच आठवड्यात झोळ्यातल्या आक्काकडं बघून मला हळूच विचारून गेले होते — आजारी आहेत का? मला लाज वाटली होती. कुणाची? जिनं माझं नाक पुसलं, तिची.

आक्काला सांगता आलं असतं — आक्का, बारा वर्षं झाली, आता आत झोप. ती काय म्हणाली असती? कदाचित हो म्हणाली असती. माझ्यासाठी ती काहीही करायची, तेच तर मला नको होतं. तिनं माझ्यासाठी आत जाणं मला सोसलं नसतं. ती आपल्या आपण गेली तर हवं होतं.

आणि खंडेनवमी आली.

सकाळी पाना घेऊन मी बसलो. आक्का दोन हातांवर नवार झटकत होती. पहिला पाय — खण्. दुसरा, तिसरा — खण्. न्हाणीकडचा पाय वरच्या बाजूला खण् वाजला, मध्यावर खण्, आणि सिमेंटाच्या कडेशी, जिथं रंगाला फोड आली होती —

बद्.

पुन्हा ठोकला. हळू. बद्. ओल्या लाकडावर मारल्यासारखा. फोडीवरून अंगठा फिरवला तर पापुद्रा निघाला आणि खाली चहाच्या भुकटीसारखा गंज. पान्याचं टोक लावून जरा दाबलं तर आत गेलं. पाव इंच. मी हात थांबवला.

"झाले का रे वाजवून?" आक्कानं विचारलं. पाठमोरी होती ती.

तुम्हाला वाटेल तो क्षण फार मोठा असेल. नव्हता. पण निवांत विचार करता येईल इतका लांब होता, आणि मी तो केला. हमीदभाईंना बोलावलं तर ते संध्याकाळपर्यंत पाय बदलून देतील, आणि मग आणखी बारा वर्षं. आणि नाही बोलावलं तर — तर स्टँड हळूहळू कलेल, करकरेल, आक्काला भीती वाटेल, ती आपणहून म्हणेल, दिगू, मी आत झोपते. इतकंच. पडेल असं माझ्या मनात आलंच नाही — हे वाक्य मी स्वतःला इतकी वर्षं सांगितलंय की ते गुळगुळीत झालंय, त्या सिमेंटासारखं. आलं होतं. एकदा आलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं. वरचा आडवा पाइप किती वजनाचा आहे हे मला माहीत होतं. एक पाय गेला की कैची कुठल्या बाजूला झुकते, हे मी दर वर्षी जूनमध्ये शिकवत होतो.

"झाले," मी म्हणालो. "चारी चांगले वाजले."

मग मी हिरव्या रंगाचा उरलेला डबा आणला, त्या जागेला बोटभर रंग फासला, आणि झेंडूची माळ त्याच पायाला घातली. बाकीच्या तिघांना नुसतं हळदकुंकू. आक्का म्हणाली, एकालाच का माळ? मी म्हणालो, फुलं तेवढीच उरली. टोपल्यात फुलं होती.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. मुली गावी गेल्या होत्या. दुपारी आक्का झोळ्यात बसून शेंगा फोडत होती, सुमन आत चकल्या पाडत होती, मी ओसरीत पेपर तपासत होतो. आवाज फार मोठा झाला नाही. आधी करकर, मग लोखंड फरशीवर पडल्याचा एकच ठण्, आणि शेंगा सांडल्याचा. मी धावत गेलो तेव्हा आक्का कुशीवर पडली होती आणि आडवा पाइप तिच्या मांडीवर होता. तिनं आधी वर बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "पुन्हा झाला का रे?"

भूकंप म्हणत होती ती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखाना, ऑपरेशन, आत लोखंडाची पट्टी. या दिवसांत मी भाऊ म्हणून जे जे करायचं ते सगळं केलं, लोकांनी नाव घ्यावं असं केलं. आणि पडली त्याच्या दुसऱ्याच सकाळी, दवाखान्यातून आंघोळीपुरता घरी आलो असताना, पहारीनं तो सिमेंटाचा गोळा उखडला, खड्डा मातीनं भरला, कुजलेला पाय गोळ्यासकट भंगारवाल्याला देऊन टाकला. गल्लीत तो ओरडत नव्हता. मीच जाऊन त्याला हुडकून आणलं. सुमनला म्हणालो, डोळ्यासमोर नको ते.

हमीदभाई त्याच दिवशी दुपारी आले. कुणीतरी सांगितलं असणार. परसात उकिडवे बसून त्यांनी उरलेले तीन पाय बघितले, जोड बोटानं चाचपले. विचारलं, तुटलेला तुकडा कुठाय? मी म्हणालो, भंगारात गेला. ताज्या मातीवर त्यांनी तळहात ठेवला. बोटाला सिमेंटची कपची लागली, ती उचलून थोडा वेळ हातात फिरवली. मग बाजूला ठेवली.

आक्का घरी आल्यावर ते पुन्हा आले. पुढच्या खोलीत तिची कॉट होती, छपराखाली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा. हमीदभाई टोपी काढून म्हणाले, "आक्का, माफी द्या. काम माझं होतं."

आक्का म्हणाली, "तुझी काय चूक हमीद? दिगूनं तर खंडेनवमीला वाजवून बघितला होता की. चारी चांगले वाजले म्हणला."

हमीदभाईंनी वळून माझ्याकडं बघितलं. एकदाच, दोन्ही डोळे उघडे ठेवून. पायाखालची जमीन खरंच हलते म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, भूकंपाच्या पहाटे मी लातुरात झोपलेलोच होतो. मी एक वाक्य बोललो असतो तर? एकच. मी ट्रे मेजावर ठेवला.

"चांगला वाजला असंल," हमीदभाई सावकाश म्हणाले, "तर मग पाइप कुजला न्हाई. जोडच कच्चा राहिला असंल माझा."

आणि मी म्हणालो — हे माझे शब्द आहेत, विसरलेलो नाही — "होतं असं कधी कधी, हमीदभाई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी त्यांना माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? मी. त्यांना.

आठ दिवसांनी हातगाड्यावर नवा स्टँड आला. न मागता. तसाच, पण पाइप आणखी जाड, पायाखाली दुहेरी पत्रा. लावून, चारी फरश्या नीट बसवून ते गेले. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर गेट, खिडक्या, जिने याच्या खाली 'झुला स्टँड' असं लिहिलेलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या ओळीवर काळा रंग दिसला. गल्लीत बोललं गेलंच होतं, हमीदचा जोड सुटला, बाई पांगळी झाली. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. रोज क्लासला जाताना मी त्या काळ्या पट्टीसमोरून जायचो, आणि ते आतून हात करायचे. मीही करायचो.

नव्या झोळ्यात आक्काला चढता आलं नाही. वॉकर धरून ती परसाच्या दारापर्यंत यायची, झोळ्याला काठीनं एक हलका धक्का द्यायची, रिकामाच झुलताना बघायची. सहा वर्षं ती आत झोपली. झोपली म्हणायचं, सकाळी मी चहा घेऊन जायचो तेव्हा ती कॉटवर बसलेली असायची, पांघरुणाची घडी जशीच्या तशी, डोळे आढ्याकडं. हळूच म्हणायची, सगळं ठीक हाय, काही हललं न्हाई. मला धीर द्यायला.

ती गेली. मागच्या पावसाळ्यात हमीदभाईही वारले, उदगीरला लेकीकडे असताना. परसात चार खोल्या झाल्या, मेहुण्याच्या कागदाप्रमाणे. फक्त न्हाणीच्या विरुद्ध बाजूला एक पट्टी मी मोकळी ठेवली, तिथं स्टँड आहे. झोळा नाही, मुली त्यावर ओढण्या वाळत घालतात.

खंडेनवमीला मी ओढण्या काढायला सांगतो आणि पाना घेऊन बसतो. चारी पाय, खालपासून वरपर्यंत. एकेक जोडही वाजवतो, प्रत्येक, आडव्या पाइपापर्यंत. खण्. खण्. खण्. सतरा वर्षं झाली. एकही कच्चा नाही.